मोबाईलवर वेरूळ: कॅमेऱ्याचं नंतर, आधी ऊन बघा

वेरूळला निघालं की लोक विचारतात कॅमेरा कोणता घेऊ, अरे खिशातला मोबाईल पुरतो, फक्त वेळ नीट निवडा. लेणी पश्चिमाभिमुख आहेत आणि डोंगर पाठीशी, त्यामुळे सकाळी सकाळी हौसेनं पोचलात तर सूर्य डोंगराआड, कैलासचं तोंड सावलीत आणि वर आकाश पांढरंफटक. दुपारी तीननंतर ऊन समोरून आत शिरतं आणि त्याच काळ्या दगडाला जरा तांबूस रंग चढतो. म्हणून सकाळ दौलताबादला घालवा आणि जेवून वेरूळला या. मंगळवारी बंद असतं बरं का, अजिंठा सोमवारी.

आता कैलास, म्हणजे सोळा नंबरचं लेणं. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं हे काम, डोंगर वरून खाली कोरत आणलाय, त्यामुळे देऊळ चक्क एका खड्ड्यात उभं आहे आणि फोटोवाल्याची खरी पंचाईत इथंच होते, मागं सरकायला जागाच नाही. मग सगळे वाईड लेन्स लावून मोबाईल वर तिरका करतात आणि ध्वजस्तंभ फोटोत कलंडलेला येतो. तसं करू नका. फोन भिंतीला समांतर, अगदी सरळ धरा, खाली नुसती फरशी आली तरी येऊ दे, ती नंतर क्रॉप करता येते. त्याहून सोपं म्हणजे जिना चढून देवळाच्या वरच्या मजल्यावर जा, तिथून स्तंभाचा मधला भाग नजरेसमोर येतो आणि रेषा आपोआप सरळ राहतात. स्तंभाच्या पायथ्याशी कुणीतरी माणूस उभा असू द्या, नाहीतर उंची कळतच नाही. डोंगरावरची वाट चालू असेल तर वरही जाच, मंडपाच्या छतावरचं कमळ आणि त्यावरचे चार सिंह खालून दिसतच नाहीत.

खड्ड्यात अंधार आणि वर लख्ख आकाश, यात मोबाईल गोंधळतो. स्क्रीनवर उन्हातल्या दगडावर बोट ठेवा, लॉक होईपर्यंत दाबून धरा, मग उजेड कमी-जास्त करणारं सूर्याचं चिन्ह जरासं खाली ओढा. सावली नंतर एडिटमध्ये थोडी उजळवता येते, पण जळून पांढरं झालेलं आकाश परत येत नाही. चौथऱ्याचे हत्ती काढताना ऊन बाजूनं पडलेलं बघा, समोरून पडलं की कोरीवकाम सपाट दिसतं. दक्षिण बाजूचं रावण कैलास हलवतोय ते शिल्प खोल कोनाड्यात आहे, तिथं बोटांनी झूम करू नका, सगळं पिठूळ येतं, चालत जवळ जा.

दहा नंबर, लोक ज्याला सुतार का झोपडा म्हणतात, तिथं दगडात लाकडी छतासारख्या फासळ्या कोरल्यात आणि उजेड बेताचाच. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, त्या भानगडीत पडू नका. सॅक जमिनीवर ठेवा, फोन तिला टेकवा, तीन सेकंदांचा टायमर, नाईट मोड आणि फ्लॅश बंद. खांबांना टेकून उभं राहू नका प्लीज.

बीबी का मकबरा संभाजीनगरातच आहे आणि तिथं उलटं गणित. इमारतीचं तोंड दक्षिणेला, त्यामुळे हिवाळ्यात दिवसभर समोर ऊन. ताजची नक्कल म्हणून नाकं मुरडतात लोक, मला तरी आवडतो. पांढरी वास्तू मोबाईल मळकट करतो, म्हणून इथं ते सूर्याचं चिन्ह थोडं वर ढकला. मधल्या हौदात पाणी असेल तर बरोब्बर मध्यावर बसा आणि फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स पाण्याजवळ येते आणि प्रतिबिंब पूर्ण मिळतं. हात घट्ट ठेवा मात्र!

लँडस्केप पाहिजे असेल तर पावसाळा. वेरूळला एकोणतीस नंबरच्या लेण्याजवळ धबधबा पडतो, सगळं हिरवंगार, पण लेन्सवर थेंब बसतात, सुती रुमाल वरच्या खिशात ठेवा आणि दर फोटोआधी पुसा. नुसती दरी काढली तर फोटो रिकामा दिसतो, पुढं एखादा खडक किंवा गवताचा झुपका येऊ द्या, ग्रिड ऑन करून क्षितिज आडवं ठेवा, आणि ढग असतील तर आकाशाला जास्त जागा द्या, नसतील तर कमी. पॉवर बँक विसरू नका, नाईट मोड बॅटरी खातो.