नवी हार्ड डिस्क घरीच लावायलाव? मग एवढं वाचा की ओ

सोलापुरात गड्डा जत्रा आणि लग्नसराई झाली की स्टुडिओवाल्यांचं एकच रडगाणं, जागा संपली. नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा व्हिडिओच एकेकाचा दोन-अडीचशे जीबी, वर लग्नाचे अल्बम, आणि सी ड्राईव्ह लालभडक. मग डिस्क आणतात आणि नुसती बसवायला कोणालातरी पैसे देतात. काही गरज नाही ओ. डेस्कटॉपात हार्ड डिस्क लावायची म्हणजे दोन वायरी आणि चार स्क्रू एवढंच काम आहे. लोक अडकतात ते त्याच्या पुढं, डिस्क लावली पण दिसंना, आणि मग घाबरून काहीतरी भलतंच क्लिक करून जुना डेटा घालवून बसतात.

आधी घेताना बघायचं. विंडोज हार्ड डिस्कवर टाकायचे दिवस गेले, विंडोजला छोटी एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी वेगवान डिस्क, असू द्या आणि फोटो, व्हिडिओ, टॅलीचे बॅकअप असल्या साठवणीला हार्ड डिस्क. डेस्कटॉपला साडेतीन इंची साटा, म्हणजे साटा नावाच्या वायरीनं जोडायची, घ्यायची. दुकानदार कधीकधी सीसीटीव्ही कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डीव्हीआरची डिस्क पुढं करतो, डब्ल्यूडी पर्पल नाहीतर सीगेट स्कायहॉक, त्या पीसीला चालतात पण बनवलेल्या आहेत सतत रेकॉर्डिंगसाठी, त्यामुळं किमतीत चांगला फरक असेल तरच घ्या. एसएमआर आणि सीएमआर हा पण एक प्रकार असतो, एसएमआरमध्ये ट्रॅक, म्हणजे डेटा लिहायच्या गोल रेघा, एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, सीएमआरमध्ये नसतात, म्हणून एसएमआरवर एकदम मोठा डेटा लिहायला गेलं की मध्येच स्पीड गळपटतो. फोटो टाकून ठेवायला एसएमआर चालेल, रोज त्याच्यावरच एडिटिंग करणार असाल तर सीएमआर मागा, मॉडेल नंबर कंपनीच्या साईटवर टाकला की कळतं.

आता बसवायचं. पीसी शटडाऊन करा, मागची पॉवर केबल काढा आणि मग पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत राहिलेला करंट निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा हात लावा, नायलॉनचा शर्ट घालून बसला असाल तर जास्तच, अंगातली स्टॅटिक सर्किटवर जायला नको. बाजूचं पॅनल उघडल्यावर पूर्व भागात कोणाचं ऑफिस लूमच्या शेजारी असेल तर आत काय दिसतं ते सांगायला नको, धूळ आणि सुताचे तंतू मिळून फॅनवर नमदा बसलेला असतो. उघडलंच आहे तर तो आधी काढा. पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा आणि ब्रशनं किंवा ब्लोअरनं साफ करा.

डिस्क ट्रेमध्ये सरकवताना तिला कडेनं धरायचं, खालच्या हिरव्या नाहीतर निळ्या सर्किटवर बोटं दाबायची नाहीत. बऱ्याच डिस्कवर एक बारीक भोक असतं आणि शेजारी लिहिलेलंच असतं की हे झाकू नका, त्यातून आतल्या हवेचा दाब सारखा राहतो, तिथं स्टिकर किंवा टेप लावायचा नाही. स्क्रूचं एक लक्षात ठेवा, साडेतीन इंची हार्ड डिस्कला जाड आट्यांचे स्क्रू लागतात आणि एसएसडीला बारीक आट्यांचे. जाईना म्हणून जोर लावत बसू नका, चुकीचा स्क्रू आहे तो. आणि चारही लावा की, दोनावर लटकलेली डिस्क फिरताना थरथरते आणि सगळं कॅबिनेट गुणगुणतं.

वायरी दोन. बारीक ती डेटाची, मदरबोर्डच्या साटा पोर्टमधून डिस्कपर्यंत, आणि रुंद ती पॉवरची, थेट एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटातल्या पॉवर सप्लायच्या डब्यातून. दोन्हीचं तोंड आतून इंग्रजी एल अक्षरासारखं असतं, म्हणून ती एकाच बाजूनं बसते, उलटी घालून दाबली तर डिस्कवरची प्लास्टिकची जीभ मोडते आणि मग ती डिस्क रिपेअरवाल्याकडंच. एसएमपीएसमध्ये साटाची पॉवर वायर शिल्लक नसेल तर जुन्या चार पिनीवाल्या मोलेक्सपासून साटा करायचं कनेक्टर मिळतं, त्यातलं सगळ्यात स्वस्त, गुळगुळीत एकसंध प्लास्टिकमध्ये ओतलेलं घेऊ नका, ते आत शॉर्ट होऊन जळाल्याचे प्रकार भरपूर आहेत. आणि एसएमपीएसच्या वायरी सुट्या निघणाऱ्या असतील तर दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसची वायर त्यात कधीच लावायची नाही. तोंड तेच दिसतं पण पिनांमधले व्होल्ट वेगळे असू शकतात, चालू केल्या केल्या डिस्क गेली म्हणून समजा.

चालू करून डिलीट नाहीतर एफ टू दाबत बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जा. तिथं डिस्कचं नाव दिसलं म्हणजे हाताचं काम बरोबर झालं. दिसत नसेल तर वायर दुसऱ्या साटा पोर्टात लावून बघा, कारण काही मदरबोर्डवर एम डॉट टू एसएसडी, म्हणजे थेट मदरबोर्डवर बसणारी पट्टी, लावली की एखाद-दोन साटा पोर्ट आपोआप बंद पडतात, ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं पण मॅन्युअल वाचतंय कोण. बायोसमध्ये बाकी कशाला हात लावायचा नाही, साटा मोड बदलला तर असलेलं विंडोजच उठायचं नाही.

विंडोज चालू झालं, धिस पीसी उघडलं, आणि नवी डिस्क नाहीच. इथं बरेच जण दुकानदाराला फोन लावतात. कोरी डिस्क तिथं दिसतच नसते ओ, तिच्यावर अजून पार्टिशन, म्हणजे डेटा ठेवायला आखलेला भाग, नाही. स्टार्टवर राईट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. एक छोटी खिडकी येईल, डिस्क इनिशिअलाईज, म्हणजे वापरायला तयार, करायची म्हणून, त्यात जीपीटी निवडा. एमबीआर जुनी पद्धत आहे, त्यात 2 टीबीच्या वरची जागा वापरता येत नाही. मग खाली काळ्या पट्टीत अनअलोकेटेड असं लिहिलेली डिस्क दिसेल, त्याच्यावर राईट क्लिक, न्यू सिंपल व्हॉल्यूम, नेक्स्ट नेक्स्ट, ड्राईव्हचं अक्षर द्या, फॉर्मॅट एनटीएफएसच ठेवा, नाव द्या, संपलं.

पण क्लिक करायच्या आधी डावीकडं डिस्क झिरो, डिस्क वन लिहिलंय आणि त्याच्याखाली साईज आहे ती वाचा. जुनी 1 टीबी आणि नवी पण 1 टीबी असेल तर घोळ इथंच होतो. काळी पट्टी म्हणजे रिकामी, निळी पट्टी म्हणजे आत काहीतरी आहे, निळ्यावर फॉर्मॅट किंवा डिलीट नाही म्हणजे नाही. दुसऱ्या पीसीतली जुनी, डेटा असलेली डिस्क लावली आणि विंडोज म्हणालं की वापरायच्या आधी फॉर्मॅट करा, तर कॅन्सल दाबा, आधी डेटा काढायचं बघा.

1 टीबीची डिस्क 931 जीबी दाखवते म्हणून भांडायला जाऊ नका. कंपनी हजारानं मोजते, विंडोज 1024 नं, फसवणूक नाही ती.

न्यू सिंपल व्हॉल्यूम करतानाच येणारी क्विक फॉर्मॅटची टिक काढली तर विंडोज सगळी डिस्क शून्यानं भरून काढतं, म्हणजे एक प्रकारे टेस्टच होते. पण 4 टीबीला सहज सात-आठ तास जातात, तेव्हा रात्री लावून झोपा आणि यूपीएसवर भरवसा असेल तरच, आपल्याकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही. टिक ठेवली तर काही सेकंदांत होतं.

डेटा टाकायच्या आधी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाका. पॉवर ऑन अवर्स, म्हणजे डिस्क आजवर किती तास चालली, ते बघा, नवी म्हणून घेतली आणि तिथं हजारो तास असले तर वापरलेली डिस्क पॅक करून दिली आहे. तास कमी दिसले म्हणजे शंभर टक्के नवी असंही नाही, 2025 च्या सुरुवातीला युरोपात नव्या म्हणून विकलेल्या जुन्या सीगेट डिस्कचं प्रकरण निघालं, त्यात हा आकडा शून्य करून ठेवलेला होता. म्हणून सिरियल नंबर कंपनीच्या साईटवर टाकून वॉरंटी कधीपर्यंत आहे ते पण बघून घ्या. रिअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या खराब झालेल्या आणि संशयित जागा, शून्य पाहिजेत, नव्या डिस्कमध्ये एक जरी असेल तर परत.

तापमान पण तिथंच दिसतं. मे महिन्यात दुपारी खोलीच चाळीसला असते, मग डिस्क पन्नासला टेकायला वेळ लागत नाही. कागदोपत्री बहुतेक डिस्क साठपर्यंत चालतात पण तिथपर्यंत कशाला न्यायची, पुढचा फॅन डिस्कच्या समोर येईल असा ट्रे निवडा आणि दोन डिस्क असतील तर मध्ये एक खण मोकळा सोडा.

पॅनल लावायच्या आधी दहा मिनिटं कान देऊन ऐका. बारीक घरघर आणि अधूनमधून खरखर चालायचीच. ठरावीक अंतरानं टक टक टक येत असेल तर त्यात एकही फाईल टाकू नका, डिस्क काढा, बिल घ्या आणि बदलून द्यायची मुदत संपायच्या आत दुकान गाठा.