ढिगारा आधी वाचा, डिटेक्टर नंतर

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात, बेंडिगो-बॅलरॅट पट्ट्यात सोनं शोधायला पहिल्यांदाच जात असाल, तर पोचल्या पोचल्या डिटेक्टर (जमिनीतला धातू हुडकणारं यंत्र) सुरू करू नका. आधी जुने खड्डे बघा. 1851 पासून तिथे खणणाऱ्यांनी अर्धं काम करून ठेवलंय.

खड्ड्याशेजारचा ढिगारा जेवढा मोठा, तेवढा खड्डा खोल. माती उलट्या क्रमाने पडलेली असते, सर्वांत खालून निघालेली सर्वांत वर. माथ्यावर पांढरी चिकणमाती आणि पाण्याने घासलेले गोल गोटे दिसले, तर खणणारे बहुधा जुन्या प्रवाहाच्या तळापर्यंत पोचले होते. सोनं पाण्याच्या सुमारे 19 पट जड, त्यामुळे ते तळाशीच जाऊन बसतं. एकटादुकटा खड्डा आणि शेजारी नुसतीच लाल माती, म्हणजे चाचपणी करून सोडून दिलेली जागा. तिथे मी तरी वेळ घालवणार नाही.

खड्ड्यांची दाटी कुठल्या रेषेत जाते ते पाहा. तीच सोन्याची वाट. त्या रेषेवर खड्डे लहान होत जातात तिकडे सरका. थर उथळ असेल तिथेच डिटेक्टरचा उपयोग, कारण बारीक कण त्याला फूटभरापलीकडे क्वचितच कळतात. ढिगाऱ्यांच्या उतरणीवरूनही सावकाश फिरवा.

खड्ड्याच्या काठावर मात्र उभं राहू नका. खालून माती पोखरलेली असते, काही तोंडं झुडपांनी झाकलेली असतात. ‘मायनर्स राइट’ हा सोनं शोधायचा परवाना आधीच काढा, आणि आपण उकरलेलं बुजवूनच निघा.