संगणकावर लिहिताना मसुदा कसा राखावा

हाताने किंवा टंकलेखन यंत्रावर लिहिणाऱ्याला मसुद्याची वेगळी काळजी करावी लागत नसे. खाडाखोडीने कागद वाचेनासा झाला की मजकूर पुन्हा उतरवून काढणे भाग पडे, आणि उतरवताना प्रत्येक वाक्याची पुन्हा एकदा परीक्षा होई. लांबलेला परिच्छेद दुसऱ्यांदा लिहिण्याच्या कंटाळ्याने जेवढी काटछाट केली, तेवढी क्वचितच एखाद्या संपादकाने केली असेल. संगणकाने ही सक्ती काढून टाकली. पडद्यावरचा पहिला खर्डाच छापल्यासारखा नीटनेटका दिसतो, त्यामुळे तो पुरा झाल्याचा भास होतो आणि दुरुस्ती शब्दांच्या अदलाबदलीपुरती उरते. म्हणून कागदाकडेच परतायला हवे असे नाही. मात्र जुन्या साधनांमुळे आपोआप घडणारी कामे आता ठरवून करावी लागतात.

सर्वांत उपयोगी उपाय काहीसा वेळखाऊ आहे. पहिला खर्डा पूर्ण झाल्यावर तो दोन-चार दिवस बाजूला ठेवावा, मग छापून घ्यावा किंवा पडद्याच्या अर्ध्या भागात उघडावा, आणि कोऱ्या फाइलमध्ये सगळा मजकूर पुन्हा टंकावा. नक्कल करून चिकटवण्याचा मोह येथे कटाक्षाने टाळावा, कारण पुन्हा टंकताना जे वाक्य बोटांना जड जाते ते बहुधा वाचकालाही जड जाणार असते. मजकूर फार मोठा असेल तर निदान सुरुवातीची पाने आणि जेथे अडखळायला होते ते परिच्छेद तरी या पद्धतीने नव्याने लिहावेत. प्रत्येक खर्ड्याची फाइल वेगळी ठेवून तिच्या नावात क्रमांक आणि तारीख घालावी. ‘अंतिम’ हा शब्द नावात वापरू नये, कारण त्यानंतर ‘अंतिम नवा’ आणि ‘खरोखर अंतिम’ अशा फाइली जमतात आणि छापायला कोणती द्यायची हे खुद्द लेखकालाच कळेनासे होते. वगळलेले परिच्छेद पुसून न टाकता एका निराळ्या फाइलमध्ये ठेवावेत. मजकूर हाताशी राहणार आहे हे माहीत असले की काटछाट करताना हात आखडत नाही.

परिच्छेद उचलून दुसरीकडे नेण्याच्या सोयीकडे विशेष लक्ष द्यावे. कापणे आणि चिकटवणे या आज्ञांना १९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात संगणकतज्ज्ञ लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजचे रूप दिले, आणि तेव्हापासून मजकुराची रचना बदलणे क्षणाचे काम झाले. सांधे जुळवण्याचे काम मात्र लेखकाकडेच राहिले. हलवलेल्या परिच्छेदाच्या आरंभी ‘त्यामुळे’, ‘मात्र’ किंवा ‘हा प्रकार’ असे शब्द असतील, तर ते आता भलत्याच वाक्याकडे बोट दाखवतात. म्हणून प्रत्येक हलवाहलवीनंतर तीन जागा तपासाव्यात: हलवलेल्या परिच्छेदाचे पहिले वाक्य, त्याच्या पुढच्या परिच्छेदाचे पहिले वाक्य, आणि मूळ जागी मागे राहिलेली खिंड.

बोलून लिहिण्याची सोय आता बहुतेक स्मार्टफोनमध्ये आहे, पण तिचा शैलीवर होणारा परिणाम जुना आहे. इंग्रजी कादंबरीकार हेन्री जेम्स यांनी मनगटाच्या दुखण्यामुळे १८९७ पासून टंकलेखकाला मजकूर सांगायला सुरुवात केली, आणि त्यांच्या उत्तरकालीन वाक्यांच्या लांब, वळणावळणाच्या घडणीचा संबंध अनेक अभ्यासक या सवयीशी जोडतात. सांगून लिहिलेल्या मजकुरात पुनरुक्ती आणि ‘म्हणजे’सारखे टेकू जास्त येतात. तेव्हा आठवणी, संवाद आणि कच्ची टिपणे बोलून नोंदवावीत, युक्तिवाद मात्र बसून टंकावा.

लक्ष विचलित होऊ नये म्हणून काही लेखक साधनच जुने ठेवतात. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चे लेखक जॉर्ज मार्टिन यांनी इंटरनेट नसलेल्या, डॉस या जुन्या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या संगणकावर, वर्डस्टार या १९७८ साली प्रथम आलेल्या प्रणालीत लिहीत असल्याचे सांगितले आहे. इतके टोक गाठायला हवेच असे नाही. पहिला खर्डा लिहिताना जोडणी बंद करावी आणि तपासायच्या सनावळी, नावे, आकडे यांच्या जागी तीन प्रश्नचिन्हे टाकून पुढे जावे. लेखन संपल्यावर तीच चिन्हे शोधून सगळी माहिती एका बैठकीत तपासता येते.

जुन्या फाइलींचे काम कंटाळवाणे असले तरी टाळू नये. युनिकोड या सर्व लिपींसाठीच्या समान संकेतपद्धतीची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि तिच्यात देवनागरी होती, तरी त्यानंतरही बरीच वर्षे मराठी मजकूर निरनिराळ्या फॉन्टांच्या स्वतःच्या संकेतांत टंकला जात होता. तो फॉन्ट नसला की पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हे उमटतात. असा मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणल्यावर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावीत. ‘दऱ्या’च्या जागी ‘दर्या’ झाले तर शुद्धलेखन तपासनीस ते पकडणार नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. रूपांतरित प्रत छापील मजकुराशी ताडून होईपर्यंत मूळ फाइल खोडू नये.