चिनी अक्षरांचं पिनयिन करून देणारी साधनं : या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची तिसरी-चौथी पातळी झाली की चाकण-रांजणगावकडची छोटी कामं मिळू लागतात. यंत्राचं मॅन्युअल, सुट्या भागांची यादी, येणाऱ्या पाहुण्यांची नावं. मग एक दिवस कोणीतरी एक्सेल शीट पाठवतं : चिनी कॉलमशेजारी इंग्रजी अक्षरांत उच्चार, म्हणजे पिनयिन, टाकून द्या, संध्याकाळपर्यंत हवंय. एवढ्या ओळी हाताने कोणी करत नाही, करूही नये. साधनं आहेत, ती वापरायचीच. पण ती आतून काय करतात हे समजून घेतल्याशिवाय यादी पुढे पाठवू नका, हे अगदी कळकळीने सांगतेय.

खाली सगळे उच्चार मी देवनागरीत, अल्पप्राण-महाप्राण जपून लिहितेय. पिनयिनमधला बी म्हणजे आपला प आणि पी म्हणजे ओठ मिटून म्हटलेला फ. डी म्हणजे त, टी म्हणजे थ. झेड म्हणजे 'चांगला'मधला च. मराठी माणसाला हे फरक जन्मापासून ऐकू येतात, इंग्रजीतून चिनी शिकणाऱ्याला ते घोटावे लागतात. तेव्हा 'आपल्याला उच्चार जमणार नाहीत' ही भीती आधी काढून टाका.

आता सापळा. मी त्यात पुरती अडकले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

बहुतेक चिनी अक्षरांना एकच उच्चार असतो, त्यामुळे पहिल्या पन्नास ओळी बरोबर दिसतात आणि साधनावर भरवसा बसतो. पण दोन-तीन उच्चारांची अक्षरं नेमकी रोजच्या वापरातलीच आहेत. 'चालणे' या अर्थाचं शिंग हे अक्षर बँकेच्या शब्दात हांग होतं : यिनहांग. 'जड' या अर्थाचं चोंग छोंगछिंग शहराच्या नावात छोंग होतं. 'लांब' या अर्थाचं छांग पदाच्या नावात 'प्रमुख' या अर्थाने चांग होतं. तेव्हा उच्चार ठरवायचा तर अक्षर पाहून भागत नाही, शब्द ओळखावा लागतो. आणि चिनी लिखाणात शब्दांमध्ये मोकळी जागा नसते! शब्द कुठे तोडायचा हे साधन स्वतः ठरवतं. तोड चुकली की उच्चार चुकतो.

या क्षेत्रातले सगळे एक उदाहरण देतात, ते खरोखरच नीट बघा. नानचिंगमध्ये यांगत्से (चिनीत छांगच्यांग) नदीवर १९६८ मध्ये पूर्ण झालेला प्रसिद्ध पूल आहे. त्याचं नाव शहरासकट लिहिलं की सात अक्षरं होतात : नान, चिंग, श, छांग, च्यांग, ता, छ्याओ. पहिल्या तिनांवर तोडलं तर 'नानचिंग शहर', पुढची चार म्हणजे 'यांगत्सेवरचा मोठा पूल'. पण तिसरं आणि चौथं अक्षर जोडलं तर 'महापौर' हा शब्द होतो, तेव्हा छांगचा चांग होतो आणि वाक्य होतं 'नानचिंगचे महापौर च्यांग ताछ्याओ'. सातही अक्षरं तीच. एका पुलाचा माणूस झाला, आणि पडद्यावर चुकीची कुठलीही खूण नाही. शुद्धलेखन तपासणारं साधनही काही बोलत नाही, कारण दोन्ही रूपं वैध पिनयिनच आहेत.

ही तोड चांगली साधनं बरीचशी सांभाळतात. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत पायपिनयिन आहे, त्यात शब्दसमूहांचा कोश असतो आणि आपले शब्द भरता येतात. तोडणीसाठी जिएबा आहे. जावास्क्रिप्टसाठी पिनयिन-प्रो. याउलट युनिडिकोडसारखी लायब्ररी (तयार कोडचा संच) संदर्भ बघतच नाही, एका अक्षराला एकच उच्चार लावते. तिला जपानी तोक्यो दिलं तर ती तोंगचिंग देते. 'एका ओळीत काम होतं' म्हणून ती वापरा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. फाइलींना नावं द्यायला ठीक, माणसांना नाही.

मला सगळ्यात जास्त छळलं ते आडनावांनी. 'एकटा' या अर्थाचं तान आडनाव म्हणून शान होतं. 'वैर' या अर्थाचं छोउ आडनावात छ्योउ होतं. 'तपासणे' या अर्थाचं छा आडनावात चा होतं. दोन-तीन अक्षरांच्या नावात संदर्भ असा नसतोच, मग साधन नेहमीचा अर्थ धरून चालतं. पाहुण्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यावर चुकीचं आडनाव छापलेलं पाहिलं, की पोटात खड्डा पडतो. आणखी एक : लू आडनावात यूवर दोन टिंबं असतात. पायपिनयिन मुळात तिथे व्ही लिहितं, कारण पिनयिनमध्ये व्ही एरवी लागत नाही. पण चिनी पासपोर्टवर आता एल-वाय-यू असं छापतात. तेव्हा माणसाच्या नावाला एकच आधार, त्याचा पासपोर्ट. हाँगकाँगचा चॅन आणि सिंगापूरचा टॅन हे बहुधा बीजिंगच्या छेनचंच अक्षर लिहितात. हे कुठल्याही साधनाला अक्षरावरून कळणार नाही.

परक्या नावांचंही तेच. मुंबईचं चिनी रूप मंगमाय आहे, साधन तेच देणार. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं चिनी नाव ख तीह्वा. त्या अक्षरांतून कोटणीस परत मिळत नाही.

घाबरू नका मात्र. एवढं वाचून सगळी यादी हाताने करायला बसलात तर माझं लिहिणं वाया गेलं. मी काय करते ते सांगते. पायपिनयिनमध्ये अक्षराचे सगळे पर्यायी उच्चार दाखवायची सोय आहे. ज्या ओळीत एकाहून जास्त पर्याय येतात ती पिवळी करायची आणि डोळ्यांनी फक्त पिवळ्याच ओळी तपासायच्या. शंका आली की सीसी-सेडिक्ट बघायचा. १९९७ मध्ये सुरू झालेला हा कोश मोफत आहे आणि त्यात आडनावाचा उच्चार वेगळा नोंदलेला असतो. मूळ मजकूर पारंपरिक, म्हणजे जुन्या पूर्ण अक्षरांच्या, लिपीत असेल तर आधी सोप्या लिपीत बदलू नका. 'केस' आणि 'पाठवणे' यांची पारंपरिक अक्षरं वेगळी आहेत, सोप्या लिपीत दोन्हींसाठी एकच अक्षर आहे, आणि उच्चारात सूर, म्हणजे अर्थ बदलणारी आवाजाची चढउतार, वेगळा. हातात असलेली माहिती आपणच का घालवायची?

सुरांवरून एक गोंधळ होतो. 'नी हाओ'त दोन्ही अक्षरांवर तिसरा सूर छापतात, बोलताना मात्र पहिल्याचा दुसरा होतो. लेखनाचा नियम मूळ सूर ठेवण्याचा आहे, काही साधनं बदललेला दाखवतात. दोन साधनांत असा फरक दिसला तर चूक समजू नका.

शिकवणाऱ्यांबद्दल माझं मत ठाम आहे. अख्खं पुस्तक पिनयिनमध्ये नाहीतर देवनागरीत देणाऱ्या 'झटपट दुभाषी' वर्गांत पैसे घालू नका. अक्षरावर पिनयिन छापलेलं असलं की डोळा तिथेच जातो, अक्षर कधीच बसत नाही. प्लेको हे चिनी शब्दकोशाचं अ‍ॅप घ्या, अडेल त्याच शब्दावर टिचकी मारा. उलट 'साधनं वापरतो तो कच्चा' म्हणणारे ज्येष्ठही असतात, त्यांचंही मनावर घेऊ नका. पिनयिन १९५८ मध्ये मंजूर झालं ते मुळात चिनी मुलांना आणि निरक्षर प्रौढांना शिकता यावं म्हणूनच. आधार घेण्यात कमीपणा कसला?

आणि काम घेतानाच दोन गोष्टी विचारून घ्या : सूर हवेत की नकोत, आणि नावांसोबत पासपोर्टची प्रत मिळेल का. सुरांशिवाय शानशी प्रांत दोन होतात. म्हणूनच त्यांतल्या एकाच्या स्पेलिंगमध्ये ए दोनदा लिहितात, आणि साधन तो दुसरा ए बहुतेक वेळा देत नाही. प्रत मिळणार नसेल तर नावांच्या कॉलमवर 'पासपोर्टशी पडताळलेलं नाही' असं स्पष्ट लिहूनच यादी द्या.