स्कोअर सोडून काय बघायचं: कॉलेज बास्केटबॉलची मॅच वाचण्याची माझी रीत

कॉलेज बास्केटबॉलची मॅच लावण्याआधी मी एक कागद घेते. बिलाचं जुनं पाकीट असलं तरी चालतं. मधोमध उभी रेघ मारायची, डावीकडे एक संघ, उजवीकडे दुसरा. गुण लिहायचे नाहीत, ते टीव्हीवर सतत दिसतातच. लिहायच्या दोनच गोष्टी: कोणाचे फाउल किती झाले, आणि आपलाच शॉट चुकल्यावर चेंडू पुन्हा कोणी किती वेळा मिळवला. शेवटच्या पाच मिनिटांत स्कोअर बरोबरीत आला की टीव्हीपेक्षा हा कागद जास्त सांगतो.

मी नॉर्थ कॅरोलिनात, कॅरीला राहते. ड्यूक, चॅपल हिलचं यूएनसी आणि रालेचं एनसी स्टेट, तिन्ही गाडीने जवळच. इथल्या मराठी घरांत मुलगा-मुलगी कुठल्या कॉलेजात गेली त्यावरून आईबापांचा पक्ष ठरतो. आमचं घर एनसी स्टेटचं. पुढे ड्यूकबद्दल कुठे तिरकस वाटलंच, तर ते त्यामुळे आहे असं समजा.

एनबीए, म्हणजे इथली व्यावसायिक लीग, पाहून इकडे येणाऱ्यांनी आधी फरक लक्षात घ्यावेत. पुरुषांच्या कॉलेज मॅचमध्ये २० मिनिटांचे दोन हाफ असतात, चार क्वार्टर नाहीत. शॉट क्लॉक, म्हणजे शॉट टाकायला मिळणारा वेळ, ३० सेकंदांचा, एनबीएत २४. आणि पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर, एनबीएत सहा. हा एक फाउलचा फरक किरकोळ वाटतो, पण त्यानेच अर्ध्या मॅच फिरतात. चांगल्या उंच खेळाडूला पहिल्या दहा मिनिटांत दोन फाउल लागले, की बहुतेक कोच त्याला हाफटाइमपर्यंत बाकावर बसवतात. म्हणजे समोरच्या कोचने ठरवून त्याच्याच अंगावर चेंडू नेला, तर त्याला खेळाबाहेर काढता येतं.

मॅचच्या आधी काय बघायचं? पहिलं म्हणजे यंदा संघात आहे कोण. २०२१पासून खेळाडूंना एक वर्ष बसून न राहता कॉलेज बदलता येतं, आणि त्याच वर्षापासून स्वतःच्या नावावर पैसेही कमावता येतात. त्यामुळे 'गेल्या वर्षी हा संघ फार भारी होता' या वाक्याला आता काडीची किंमत नाही. जर्सी तीच, आतली पोरं वेगळी. मी आधी पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू आणून डाव रचणारा खेळाडू, शोधते. तो किती वर्षं कॉलेजात खेळलाय, चेंडू किती वेळा गमावतो. अठरा वर्षांचा, पुढच्या वर्षी एनबीएत जाणारा हिरा संघात असेल तर उत्तमच, पण मार्चमध्ये, म्हणजे राष्ट्रीय बाद स्पर्धेत, मला बावीस-तेवीस वर्षांचा घोटलेला गार्ड जास्त भरवशाचा वाटतो.

दुसरं, वेग. याकडे नवे प्रेक्षक अजिबात बघत नाहीत. एक संघ मॅचला सरासरी ८५ गुण करतो आणि दुसरा ६८, म्हणून पहिला चांगला असं नसतं. साठ धावा किती षटकांत झाल्या हे कळल्याशिवाय आपण फलंदाजाबद्दल बोलतो का? इथे षटकांच्या जागी पझेशन, म्हणजे चेंडू हातात आल्यापासून जाईपर्यंतचा एक डाव. केन पॉमरॉय यांची आकडेवारी यासाठीच प्रसिद्ध आहे: १०० पझेशनमागे संघ किती गुण करतो आणि किती देतो. दोन्ही संघांचे हे दोन आकडे समोर ठेवले की निम्मं चित्र स्पष्ट होतं.

संथ संघाबद्दल माझं एक ठाम मत आहे. खूप बलाढ्य संघ संथ खेळत असेल, तर तो स्वतःच दुबळ्या संघाला संधी देतो. डाव जितके कमी, तितकी नशिबाला जागा जास्त. २०१८ साली राष्ट्रीय स्पर्धेत, शार्लटमध्ये, व्हर्जिनियाची गाठ यूएमबीसी या मेरीलँडमधल्या कॉलेजशी पडली. व्हर्जिनिया सगळ्या स्पर्धेत पहिल्या क्रमांकावर, यूएमबीसी सोळाव्या सीडवर (सीड म्हणजे मानांकन, पहिलं सर्वांत वरचं, सोळावं सर्वांत खालचं), आणि पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्या सीडने पहिल्या सीडला तोवर कधीच हरवलं नव्हतं. व्हर्जिनियाचा डिआंद्रे हंटर मनगटाच्या दुखापतीने बाहेर होता. हाफटाइमला २१-२१. चाळीस मिनिटांतली वीस संपली आणि बलाढ्य संघाकडे एका गुणाचीही आघाडी नाही! मग यूएमबीसीचे तीन गुणांचे शॉट बसायला लागले, आणि व्हर्जिनियाकडे भरपाई करायला पुरेसे डावच नव्हते. ७४-५४. त्याच व्हर्जिनियाने पुढच्या वर्षी, २०१९ला, विजेतेपद मिळवलं, तेही संथच खेळून. तेव्हा संथ संघ वाईट असं मी म्हणत नाही, त्यांच्यावर पैज लावताना हात आखडता घ्या इतकंच.

तिसरं: कोण कोणाला रोखणार? हे नावानिशी लिहून काढा. २०२४चा डीजे बर्न्स बघा. एनसी स्टेटचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा धिप्पाड खेळाडू, उंची सहा फूट नऊ इंच, वजन पावणेतीनशे पौंडांच्या आसपास, डावखुरा. बास्केटकडे पाठ करून तो हळूहळू मागे सरकायचा, समोरच्याला खांद्याने ढकलत ढकलत, आणि मग अशा नाजूक हाताने चेंडू सोडायचा की एवढ्या देहाकडून ते अपेक्षितच नसायचं. एकट्याने त्याला अडवणं कठीण. दुसरा माणूस मदतीला गेला, की तो मोकळ्या सहकाऱ्याला पास द्यायचा. त्या वर्षी एनसी स्टेटने एसीसी या त्यांच्या गटाच्या स्पर्धेत पाच दिवसांत पाच मॅच जिंकल्या, नाहीतर त्यांना राष्ट्रीय स्पर्धेत जागाच नव्हती. मग अकराव्या सीडवरून फायनल फोरपर्यंत, म्हणजे शेवटच्या चार संघांत, धडक. वाटेत डॅलसला ड्यूकला ७६-६४ हरवलं, बर्न्सचे २९ गुण. (त्या रात्री आमच्या गल्लीत गाड्यांचे हॉर्न कितीतरी वेळ वाजत होते.)

त्याच मार्चच्या सुरुवातीला ड्यूकने एनसी स्टेटला रालेमध्ये येऊन आरामात हरवलं होतं. म्हणून 'मागच्या वेळी काय झालं' याला फार भाव देऊ नका. २०२२मध्येही तेच. फेब्रुवारीत ड्यूकने चॅपल हिलला जाऊन २० गुणांनी जिंकलं. मार्चमध्ये ड्यूकचे कोच क्षिशेव्स्की यांच्या शेवटच्या घरच्या मॅचला यूएनसीने त्यांच्याच अंगणात ९४-८१ जिंकलं. आणि न्यू ऑर्लिन्सच्या फायनल फोरमध्ये पुन्हा यूएनसीच, ८१-७७. मागच्या मॅचमधून एवढंच उचला: कोणाला कोणी अडवलं, आणि ती जोडी यावेळी समोरासमोर आहे का.

मैदान कुठलं, हेही बघा. ड्यूकचं कॅमेरन इनडोअर स्टेडियम १९४०चं, जेमतेम ९,३१४ माणसांचं, आणि विद्यार्थी अगदी कोर्टाच्या रेषेला खेटून उभे. मार्चमधल्या मॅच मात्र तटस्थ जागी होतात, तेव्हा घरच्या मैदानावरचे विजय अर्ध्या किमतीत धरा.

आता कागदाकडे. प्रत्येक हाफमध्ये १६, १२, ८ आणि ४ मिनिटं उरली की त्यानंतर खेळ पहिल्यांदा थांबेल तेव्हा टीव्हीचा टाइमआउट होतो. चहा त्याच वेळी टाका आणि कागदही तेव्हाच भरा. संघाचा हाफमधला सातवा फाउल झाला, की समोरच्याला 'वन-अँड-वन' मिळतं: पहिला फ्री थ्रो (कोणी न अडवता टाकायचा एका गुणाचा शॉट) बसला तरच दुसरा. दहाव्या फाउलपासून सरळ दोन. म्हणून सातव्या आणि दहाव्या फाउलला मी गोल करते. बारा मिनिटं उरलेली असताना एखाद्या संघाचे सात फाउल झाले असतील, तर तो आघाडीवर असला तरी मला त्याची धास्ती वाटते.

हे सगळं एकाच मॅचमध्ये बघायचं असेल, तर २०२५च्या फायनल फोरमधली ड्यूक-ह्यूस्टन मॅच शोधून शेवटचं एक मिनिट बघा. ड्यूककडे दुसऱ्या हाफमध्ये १४ गुणांची आघाडी होती. ३५ सेकंद उरलेली असतानाही ६. ह्यूस्टनच्या इमॅन्युएल शार्पने तीन गुणांचा शॉट टाकला. लगेच ह्यूस्टनने चेंडू हिसकावला, पुढचा शॉट चुकला, पण जोसेफ टगलरने तोच चेंडू वरच्या वर धरून आत घातला. ही झाली कागदावरची दुसरी गोष्ट. आघाडी एका गुणाची, ६७-६६. मग ड्यूकचा टायरीस प्रॉक्टर फ्री थ्रोला, वन-अँड-वन. पहिलाच चुकला. रिबाउंडला, म्हणजे चुकून परतणाऱ्या चेंडूला, उडी मारताना कूपर फ्लॅगचा जे'वॉन रॉबर्ट्सवर फाउल. ही पहिली गोष्ट. रॉबर्ट्सने दोन्ही टाकले, ह्यूस्टन पुढे, आणि मॅच ७०-६७ संपली. बाकी ३९ मिनिटं ड्यूक सुंदर खेळलं, हे मी सुद्धा मान्य करते.

शेवटच्या दोन मिनिटांत मागे असलेला संघ मुद्दाम फाउल करत राहतो. नव्यांना हे रडीचं वाटतं, पण चेंडू समोरच्याकडे असताना घड्याळ थांबवायचा तोच एक उपाय असतो. तेव्हा एवढंच बघा, की ते फाउल कोणावर करतायत. समोरच्यातला सर्वांत कच्चा फ्री थ्रो टाकणारा शोधला जातो, आणि शहाणा कोच त्याला आधीच बाकावर नेऊन बसवतो.

भारतातून बघणाऱ्यांसाठी: इथली रात्री नऊची मॅच हिवाळ्यात तुमच्याकडे सकाळी साडेसातला सुरू होते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी इथली घड्याळं पुढे सरकली की साडेसहाला. दोन-सव्वादोन तास धरून चाला, आणि नऊची कॅब असेल तर हिवाळ्यातल्या मॅचचा शेवट गाडीत मोबाइलवर बघायची तयारी ठेवा.