सुरतची गाडी धुळ्याच्या नंबरवर कशी घ्यावी

सुरतच्या उधना-लिंबायत भागात वर्षानुवर्षं काढून खान्देशात परतणारे आपल्याकडे कमी नाहीत. सामान टेम्पोत येतं, गाडी आपण चालवत आणतो आणि जीजे-०५ ची पाटी तशीच राहते. मग गल्लीत विचारणा सुरू : "गाडी कोनी शे, भाऊ?"

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर तिथला नंबर घ्यावाच लागतो. दिवाळीपुरते आला असाल तर धावपळ नको. कायमचे येणार असाल तर मात्र वर्ष भरायची वाट बघू नका, कारण अर्धं काम सुरतेतच आहे. बिऱ्हाड हलवण्याआधी ते उरका.

ते काम म्हणजे एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, फॉर्म २८. ती जुन्याच आरटीओकडून मिळते. अर्ज 'परिवहन'च्या साइटवर भरायचा. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी. ई-चलन बाकी असेल तर आधी भरा.

मी अडकलो कर्जावर. हप्ते कधीच फिटले होते, त्यामुळे बिनघोर होतो. आरसीवर बँकेचं नाव अजून आहे हे पाहिलंच नव्हतं. ते काढायला बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. तेवढ्यासाठी नवापूरमार्गे दोन खेपा झाल्या. तुमचं कर्ज चालू असेल, तर बँकेचं संमतीपत्र घ्या.

फॉर्म २८ वर चेसिस नंबरचा (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरचा) पेन्सिलने काढलेला ठसा लागतो. नंबर कुठे कोरलाय ते मॉडेलप्रमाणे बदलतं : कुठे पुढच्या सीटखाली मॅट उचलून, कुठे बॉनेट उघडून मागच्या पत्र्यावर. रॉकेलच्या बोळ्याने मळ पुसा, कोरडं करा. नंबरवर पेन्सिल आडवी धरून घासा, वर सेलोटेप दाबून बसवा आणि अलगद उचलून फॉर्मवर चिकटवा. पहिल्या वेळी हमखास एखादा आकडा फिका येतो. तीन-चार ठसे जास्तीचे काढून ठेवा, पुढे धुळ्यातही लागू शकतात.

सुरतच्या बऱ्याच गाड्या सीएनजीवर. किट नंतर बसवलं असेल तर त्याची नोंद आरसीत हवी आणि सिलेंडरची दर ३ वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) झालेली हवी. तपासणीच्या वेळी डिकी उघडायला सांगतात, तेव्हा सारवासारव चालत नाही.

आता इकडचं काम. तुमचा पत्ता ज्या जिल्ह्यात, तिथलं कार्यालय : धुळे-शिरपूरला एमएच-१८, जळगावला एमएच-१९, शहादा-नंदुरबारला एमएच-३९. फॉर्म २७, एनओसी, मूळ आरसी, विमा, पीयूसी आणि इथल्या पत्त्याचा पुरावा जोडायचा. गाडी सुरतेत दुसऱ्याकडून विकत घेतली असेल तर फॉर्म २९ आणि ३० पण लागतात. मग गाडी तपासणीला न्यायची.

खिसा खरा हलका होतो तो रोड टॅक्सने. महाराष्ट्राचा टॅक्स गाडीची किंमत, इंधन आणि वय बघून ठरतो. जुनी गाडी असेल तर कमी. म्हणून आधी आकडा काढून घ्या. बारा-तेरा वर्षांची गाडी असेल, तर माझं मत : तिथेच विकून इकडे दुसरी बघा. खासगी गाडीची आरसी मुळात १५ वर्षांची, म्हणजे थोड्याच दिवसांत नूतनीकरणाचा खर्चही दारात उभा.

नंबर मिळाला की हाय सिक्युरिटी पाटी बसवा. विमा कंपनीकडून पॉलिसीवर नवा नंबर चढवून घ्या; हे राहिलं तर क्लेमच्या वेळी डोकेदुखी. फास्टॅगचंही तसंच.

शेवटी सुरतेत भरलेल्या टॅक्सचा परतावा. उरलेल्या काळाची रक्कम मागता येते, पण आपसूक येत नाही. नव्या आरसीची प्रत, बँकेचा तपशील आणि जुनी पावती लावून तिकडेच अर्ज करावा लागतो, आणि चिकाटी लागते. पावती घरात फाइलला लावा. माझी डॅशबोर्डवर उन्हात पडून इतकी पांढरी झाली होती, की आकडा भिंगाखाली धरून वाचावा लागला.