केस स्टडी लिहिताना: आधी शॉर्टफॉर्म सोडवा, मग व्याकरण

जुलैत रत्नागिरीकडे नर्सिंगच्या विद्यार्थिनींच्या इंग्रजी केस स्टडीच्या फायली तपासायला बसलं की पानं दमट, शाई फुटलेली, आणि त्यात हे वाक्य हमखास: "पेशंट इज हॅविंग फीव्हर सिन्स थ्री डेज, एच/ओ पॅडी फील्ड वर्क, आर/ओ लेप्टो." म्हणजे तीन दिवस ताप, भातशेतीत काम केल्याचा इतिहास (एच/ओ), लेप्टोस्पायरोसिस हा संसर्गाचा ताप नाही ना ते तपासा (आर/ओ). भातलावणीच्या दिवसांत आमच्याकडे हे कुणालाही कळतं. रात्रपाळीला ओव्हर देताना, म्हणजे पेशंटची माहिती सोपवताना, सिस्टर असंच बोलतात, आणि तिथे ते योग्यच. पण तुमची केस स्टडी वाचणारा बाहेरचा परीक्षक त्या वॉर्डात उभा नसतो. त्याला विचारायला पलीकडच्या टेबलावर सिस्टरही नसते.

पहिला मसुदा हवा तसा लिहा, तिथे अडू नका. मग पेन्सिल घ्या आणि प्रत्येक शॉर्टफॉर्मभोवती गोल करा. दोन पानांत तीस-चाळीस गोल निघाले तर घाबरू नका, बहुतेकांचे निघतात. आता एकेक सोडवायचा. एपीए या शोधलेखनाच्या शैलीच्या सातव्या आवृत्तीचा नियम सोपा आहे: जो शब्द लेखात तीनदा तरी येणार असेल त्याचाच शॉर्टफॉर्म करा. पहिल्यांदा पूर्ण शब्द लिहून कंसात शॉर्टफॉर्म द्या, पुढे शेवटपर्यंत शॉर्टफॉर्मच वापरा. एकदाच येणारा शब्द सरळ पूर्ण लिहा. एचआयव्हीसारखे शब्दकोशातच रुळलेले शॉर्टफॉर्म आणि मोजमापाची एककं यांना फोड लागत नाही. तुमच्याकडे व्हँकूव्हर ही दुसरी शैली चालत असेल तर गाईडला आधीच विचारून घ्या.

दोन अर्थ असलेल्या शॉर्टफॉर्मपाशी मात्र थांबा. मुंबई-गोवा महामार्गालगतच्या कॅज्युअल्टीत आरटीए म्हणजे रस्त्यावरचा अपघात, दुसरं काही डोक्यातच येत नाही. किडनीच्या वॉर्डात तोच आरटीए म्हणजे रीनल ट्यूब्युलर ॲसिडोसिस, किडनीचा एक विकार. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, उजवा डोळा की ओव्हरडोस? विद्यार्थिनी असताना मी स्वतः एका केसमध्ये एमएस लिहून मोकळी झाले होते. मनात होता मायट्रल स्टेनोसिस हा हृदयाच्या झडपेचा आजार, मॅडमनी वाचलं मॉर्फिन सल्फेट हे वेदनाशामक, आणि पुढची दहा मिनिटं मी उभीच होते. तेव्हा राग आला होता. आता मीही तेच करते.

औषधाचा डोस लिहिताना तर शॉर्टफॉर्मचा मोह नकोच. इन्सुलिनपुढे युनिटसाठी नुसतं इंग्रजी यू अक्षर लिहिलं आणि ते वरून मिटलं की शून्य दिसतं, दहाचे शंभर होतात. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेतल्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये जी 'वापरू नका' यादी लागू केली, त्यात हे अक्षर आहे. त्याच यादीतली आणखी एक गोष्ट: ५.० एमजी लिहू नका, टिंब पुसट झालं तर ५० होतं. उलट .५ न लिहिता ०.५ लिहा. 'डॉक्सीसायक्लिन १०० एमजी बीडी'ऐवजी दिवसातून दोनदा असं पूर्ण इंग्रजीत लिहिलं तर दोन शब्द वाढतात, एवढंच.

आता व्याकरण. आपण 'तीन दिवसांपासून ताप' म्हणतो आणि 'पासून' म्हटलं की हात आपोआप सिन्स लिहितो. सिन्सपुढे सुरुवातीची वेळ येते, जसं सिन्स मंडे. कालावधी असेल तर फॉर. 'इज हॅविंग'ही काढा, आजारासाठी इंग्रजीत ते चालत नाही. वरचं वाक्य मग असं होतं: "ऑन ॲडमिशन, द पेशंट हॅड हॅड फीव्हर फॉर थ्री डेज." दोनदा हॅड बघून मुली एक खोडतात. खोडू नका, बरोबर आहे. पुढच्या वाक्यात भातशेतीत काम केल्याचं आणि त्यामुळे लेप्टोस्पायरोसिसची शक्यता तपासल्याचं सांगा.

पेशंटची हकीकत आणि तुम्ही दिलेली सेवा भूतकाळात, आजाराची सर्वसाधारण माहिती वर्तमानकाळात. द आणि अ मराठीत नसल्यामुळे गळतात, त्यासाठी एक वाचन वेगळं ठेवा. एमआरआयपूर्वी अ नव्हे, ॲन येतं, कारण उच्चार 'ए'ने सुरू होतो. अनेकवचनात ईसीजीला नुसता एस लावा, मध्ये अपॉस्ट्रॉफी नको. 'पेशंट एक्सपायर्ड' वॉर्डात म्हणतात. पेपरात डाइड लिहा. आणि इंग्रजीतले ही-शी (तो-ती) एकदा नीट बघा. मैत्रिणीची फाईल समोर ठेवून लिहिलं की तिसऱ्या पानावर बाळंतिणीचा 'ही' झालेला असतो, आणि परीक्षकाला नेमकं तेच पान उघडतं.

शेवटी नर्सिंगमध्ये नसलेल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा, घरातली बारावीची बहीण चालेल. ती जिथे 'म्हणजे काय गो?' विचारील, तिथे पेन्सिलीचा एक गोल राहून गेलेला असतो.